एकच जागा, सहा ऋतू : निसर्गसहलीतील छायाचित्रण
(इयत्ता तिसरी ते पाचवीच्या अध्यापकांसाठी)

परिसर अभ्यासाच्या तासास जोडून शाळाशाळांतून निसर्गसहली निघतात. हल्ली अध्यापकांच्या खिशात भ्रमणध्वनी असतो आणि त्यात कॅमेराही असतो. त्यामुळे सहलीहून परत येताना पाखरे, फुले व तळी यांची पुष्कळ चित्रे बरोबर येतात. ती आठ दिवस एकमेकांस दाखविली जातात व पुढे कोणी त्यांजकडे पाहत नाही. याचे कारण उघड आहे. चित्र कोठले, कोणत्या दिवसाचे व कशाचे, हे त्याजबरोबर लिहून ठेवलेले नसते. प्रस्तुत पाठात छायाचित्र सुंदर कसे काढावे यापेक्षा ते नोंद म्हणून उपयोगी कसे पडेल, याचाच विचार मुख्यत्वे केला आहे.

नोंदीचे मोल किती असते, हे रानपिंगळ्याच्या हकिकतीवरून विद्यार्थ्यांस सांगता येईल. हे लहान घुबड १८७२ मध्ये फुलझर येथे, म्हणजे आजच्या छत्तीसगढ राज्यात, प्रथम मिळाले व १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८४ नंतर ते कोणास आढळले नाही. मायनर्ट्झहागन नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत आपण तो पक्षी मिळविला, अशी चिठ्ठी आपल्या संग्रहातील एका कातड्यास लावून ठेवली होती. तीवर विसंबून लोक भलत्याच ठिकाणी शोध करीत राहिले. ते कातडे मुळात दुसऱ्याचे असून चिठ्ठी बनावट आहे, असे पामेला रासमुसेन या विदुषींनी सिद्ध केले. नंतर जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांच्या अनुरोधाने त्या व त्यांचे सहकारी हिंडले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्याच राज्यात, शहाद्याजवळच्या रानात, रानपिंगळा जिवंत सापडला. या वेळी पुरावा म्हणून त्याची छायाचित्रे घेण्यात आली. एका खोट्या चिठ्ठीने पक्षी हरवला होता. खऱ्या चिठ्ठ्यांनी तो परत मिळाला.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. चंद्रपूर व गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. रान अद्यापि एकच आहे. निसर्गसहल म्हटली की पुष्कळांस ताडोबा आठवतो. तेथे १९३५ साली शिकार बंद झाली व १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आलापल्लीजवळ १९५३ पासून राखलेला वनखंडही प्रसिद्ध आहे. २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. ही स्थळे वर्षातून एकदा अवश्य दाखवावीत. परंतु आपल्या पाठास एकदाच पाहिलेल्या दूरच्या जागेपेक्षा वारंवार पाहता येईल अशी जवळची जागा अधिक उपकारक होय.

अशी जागा बहुतेक गावी आयती आहे. ती म्हणजे गावची बोडी अथवा मामा तलाव. (मालगुजारी नष्ट झाल्यावर हे ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले आणि त्या दोन शब्दांची आद्याक्षरे मिळून ‘मामा’ झाले, हे मुलांस सांगावे, नाहीतर ती कोणाच्या तरी मामाचा शोध घेत बसतात.) तलावाच्या दक्षिणेकडील पाळीवर एखादा मोठा दगड ठरवावा. त्यावर उभे राहून, उत्तरेकडे तोंड करून, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक चित्र घ्यावे. उत्तरेकडे तोंड केल्याने वर्षाचा बहुतेक काळ सूर्य पाठीशी राहतो. आपल्या अक्षांशावर मेच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस सरकतो. सावलीची दिशा बदललेली त्या दिवसांत मुलांस प्रत्यक्ष दाखविता येईल. चौकटीच्या एका कडेस नेहमी तेच झाड यावे. बारा चित्रे भिंतीवर ओळीने लावली म्हणजे पाणी कोठवर चढले, कोठवर उतरले आणि पाखरे केव्हा आली, हे पुस्तकाविना वाचता येते.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, म्हणून आपले वर्ष पावसाने सुरू होते आणि ते बरेच आहे. नवरंग पक्षी दक्षिणेकडून व सिंहलद्वीपातून या सुमारास येऊन येथे घरटे करतो. त्याची दोन स्वरांची शीळ सकाळ-सायंकाळ ऐकू येते, पण तो पालापाचोळ्यात चालणारा असल्याने चित्रात सहसा सापडत नाही. त्यामागे धावू नये; शीळ ऐकल्याची तारीख लिहिली तरी पुरे. पावसाळ्याची खरी दौलत जमिनीवर आहे. रानहळद, आमरी, कळलावी ही सारी जमिनीतील कंद-गड्ड्यांतून वर येतात. फुलाचे चित्र घेताना एकट्या फुलाचे घेऊन भागत नाही. पान, खोड व संपूर्ण रोप अशी निरनिराळी चित्रे घ्यावीत आणि आकार कळावा म्हणून शेजारी पेन्सिल ठेवावी. फूल तोडू नये. सागास पांढऱ्या फुलांचे तुरे याच दिवसांत येतात. पुढे अळ्या सागाची पाने खाऊन केवळ शिरांची जाळी उरवितात. ते पान सूर्यासमोर धरून चित्र घेतल्यास पानाचा सांगाडा इतका स्पष्ट उमटतो की फळ्यावरील आकृतीची गरज उरत नाही.

भादव्यानंतर धानाच्या बांध्यांत बगळे उतरतात. प्रकाशाचा धडा देण्यास बगळ्यासारखा दुसरा पक्षी नाही. हिरव्या धानामध्ये उभ्या असलेल्या पांढऱ्या बगळ्याचे चित्र घेतले, तर यंत्र सभोवारच्या काळोख्या हिरवाईप्रमाणे प्रकाश मोजते व बगळा चुन्याच्या ठिपक्यासारखा होतो. त्याचे पीस एकही दिसत नाही. पडद्यावर बगळ्याच्याच जागी बोट टेकून उजेड थोडा कमी केला म्हणजे पिसे दिसू लागतात. यंत्र जे पाहते ते डोळ्यास दिसते तसेच असते असे नाही, एवढे मुलांच्या ध्यानी आले तरी पाठ सफल झाला. आणखी एक प्रयोग झाडाखाली करावा. दाट पानोळ्यातून जमिनीवर जे उजेडाचे गोल कवडसे पडतात, ते छिद्रांच्या आकाराचे नसून सूर्याची चित्रे असतात. पानांमधली प्रत्येक लहान फट हा एक कॅमेराच आहे. खोक्यास टाचणीने भोक पाडून व समोर तेलकट कागद लावून हे वर्गातही दाखविता येते.

हिवाळ्यात तलावाकडे अधिक वेळ द्यावा. अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी ही येथलीच. चक्रवाक मात्र लडाख, तिबेट व मध्य आशियाकडून येतात. दुरून पक्षी मोठा करून दाखविण्याची जी सोय भ्रमणध्वनीत असते, तिने चित्र केवळ फुगते, स्पष्ट होत नाही. दुर्बिणीच्या भिंगास कॅमेरा नीट टेकवून घेतलेले चित्र पुष्कळ बरे. रंग गडद करण्याच्या सोयी तर कटाक्षाने टाळाव्यात. रंगविलेल्या पाखराची नोंद ही त्या बनावट चिठ्ठीची धाकटी बहीण होय.

फाल्गुनात पळस फुलतो. ‘पळसाला पाने तीनच’ हे मुले नुसते ऐकून असतात. आधीच्या ऋतूत पानांची चित्रे घेऊन त्यांनी ती मोजलेली असावीत. फुलांवर मैना, कोतवाल, शिंजीर, भोरड्या मधासाठी येतात व पराग एका झाडाचा दुसऱ्यावर नेतात. पळसाखाली अर्धा तास स्वस्थ बसून कोण आले त्याची यादी करावी. चित्र एखादेच मिळाले तरी चालेल. कुसुमाची कोवळी लाल पालवी दुरून फुलांसारखी भासते, ती जवळून दाखवावी. मोहाची फुले पहाटे गळतात, आणि येथेच अध्यापकांनी अत्यंत सावध राहिले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यांत मोह व तेंदूपत्ता वेचणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात, हे कोणास सांगावयास नको. वाकून काम करणारा मनुष्य वाघास मनुष्यासारखा दिसत नाही. जमिनीवरील फुलाचे चित्र घेणारे मूलही असेच वाकलेले असते, त्याचे लक्ष एका पाकळीवर असते आणि कान बंद झाल्यासारखे असतात. म्हणून हा नियम न मोडता पाळावा : एक मूल बसेल तेव्हा एक मोठे माणूस त्याच्या पाठीशी उभे राहून चहूकडे पाहील. सहल सूर्य चांगला वर आल्यावर निघावी व ऊन उतरण्यापूर्वी परतावी. बरोबर निदान दोन मोठी माणसे असावीत. वनरक्षकास आदल्या दिवशी विचारावे. त्याने नको म्हटल्यास सहल शाळेच्या आवारात करावी. मोहाचे चित्र रानात न जाता धुऱ्यावरील झाडाचे, तेही दिवसाउजेडी घ्यावे. मेच्या उन्हात तापमान ४५ अंशांवर जाते. तेव्हा बहाव्याचे पिवळे घोस मुलांनी आपल्या अंगणातून पाहून सुटीत लिहून ठेवावेत.

भय जसे वाघाचे आपणांस, तसे आपले पाखरांस. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःस लिंपून घेते व एका फटीतून नर तिला भरवितो. आपण ढोलीसमोर उभे राहिलो तर तो फळ चोचीत धरून दूर बसून राहतो, आणि आत मादी व पिले उपाशी राहतात. घरट्याजवळ जाऊन चित्र घेऊ नये, पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास बोलावू नये, रात्रपक्ष्यांवर झगझगीत प्रकाश टाकू नये. घुबडाचे ठिकाण तर गावाबाहेर कोणास कळवू नये. अंधश्रद्धेपायी घुबडे पकडणारे आजही आहेत, आणि भ्रमणध्वनी चित्रासोबत जागेचा ठावही गुपचूप लिहून ठेवतो. तो ठाव शाळेच्या वहीत असावा, बाहेर धाडलेल्या चित्रात नसावा.

वहीत पक्ष्याचे पुस्तकी नाव सापडेपर्यंत जागा रिकामी ठेवण्याची चाल सोडून द्यावी. गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांस पुस्तकात नसलेली कितीतरी नावे ठाऊक असतात. कोणत्या झाडाची साल कशास उपयोगी, हेही असते. वर्गात मराठी वाचताना अडखळणारे मूल पाळीवर उभे राहिले की अध्यापकास शिकवू लागते. त्याने सांगितलेले नाव त्याच्याच उच्चाराप्रमाणे लिहावे व पुढे सांगणाऱ्याचे नाव घालावे. मराठी नाव मागाहून येईल. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या चाकरीत रानातल्या माणसांपासून असे शब्द आयुष्यभर गोळा केले आणि त्यांतून मराठीस पक्षिकोश मिळाला.

एका नोंदीस पाच गोष्टी पुरतात : तारीख व वेळ, जागा, पाहिलेली वस्तू, ती काय करीत होती, आणि पाहणाराचे नाव. उदाहरणार्थ, ‘डिसेंबर, पहिला शनिवार, सकाळी साडेनऊ, मामा तलाव, दक्षिण पाळ, चक्रवाक दोन, पलीकडील काठावर, एक झोपलेला, दुसरा पाहत होता.’ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने खाली सही करावी. चित्रास वहीतील नोंदीचा क्रमांक द्यावा. वही वर्गासोबत वर न जाता शाळेतच राहावी, म्हणजे पुढील जूनमध्ये येणाऱ्या मुलांस त्याच दगडावरून पहिले चित्र घेता येईल.