अनोळखी सळई कशी ओळखाल?

वेल्डिंगच्या दुकानात कोपऱ्यात उभ्या केलेल्या बारीक सळया तुम्ही पाहिल्या असतील. सांधा भरण्यासाठी वितळवायच्या या फिलर सळयांच्या टोकावर पुष्कळदा जातीचा ठसा असतो. कारागिराने नेमके तेच टोक आधी वापरले की उरलेली सळई बेनाव होते. चुकीच्या सळईचा सांधा वरून छान दिसेल, पण थंड होताना किंवा भार पडताच तो तडकू शकतो.

प्रथम तराजू घ्या. ३.२ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर सळईचे घनफळ सुमारे ८ घन सेंटिमीटर भरते. ती ॲल्युमिनियमची असेल तर वजन २२ ग्रॅमच्या आसपास येईल, पोलादाची असेल तर ६३. स्टेनलेस स्टीलही जवळजवळ तेवढेच भरते. तिथे तराजू थांबतो आणि लोहचुंबक पुढे येतो.

तांबूस सळई तांब्याचीच, असे मात्र समजू नका. गंजू नये म्हणून साध्या पोलादावर तांब्याचा पातळ मुलामा देतात. चुंबक घट्ट चिकटला की हे सोंग उघडे पडते. कानस मारा, आतले करडे पोलाद दिसेल.

वेल्डिंगच्या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेलमुळे अणूंची मांडणी बदललेली असते, म्हणून चुंबक त्याला चिकटत नाही. पण सळई थंड अवस्थेत ओढून बारीक करताना ही मांडणी थोडी बिघडते आणि किंचित ओढ जाणवते. तेवढ्यावरून तिला साधे पोलाद ठरवू नये.

ॲल्युमिनियमच्या दोन जाती फार फसवतात. ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असते, ५३५६ मध्ये जवळपास तेवढेच मॅग्नेशियम. रंग तोच, वजन तेच. पण सतत ६५ अंश सेल्सिअसच्या वर तापणाऱ्या सांध्याला ५३५६ चालत नाही. दोन्हींचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवले तर पहिला काळवंडतो, कारण सिलिकॉन सहजी विरघळत नाही आणि पृष्ठभागावर साचते. दुसरा उजळ राहतो. या प्रयोगात हायड्रोजन वायू निघतो आणि द्रावण कातडी जाळते. तेव्हा तो शिक्षकांसमोर, चष्मा व हातमोजे घालून, उघड्या खिडकीजवळच करा.

३०८ आणि ३१६ या स्टेनलेस जातींपुढे मात्र आपली साधने मुकी होतात. ३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम जास्त असते आणि खाऱ्या पाण्यात तेच उपयोगी पडते; ते ओळखायला रासायनिक तपासणीच हवी. चांदीच्या डाखाची बेनाव सळई तर वितळवूनही पाहू नका. अशा काही सळयांत कॅडमियम असते आणि त्याचा धूर प्राणघातक ठरू शकतो.