इंजिन तापले की काटा बिघडला?

मोटारीत चालकासमोर ज्या तबकड्या असतात, त्यांत थंड व गरम अशा दोन खुणांमध्ये फिरणारा एक लहानसा काटा तुम्ही पाहिला असेल. घाट चढताना तो गरम खुणेकडे झुकू लागला, की चालक गाडी बाजूला घेतो व बॉनेट उघडतो. पण समजा, ना वाफ दिसली, ना कुठे पाणी गळताना आढळले. मग इंजिन तापले आहे, की काटाच बिघडला आहे? प्रश्न किरकोळ नाही. खरोखर तापलेले इंजिन तसेच दामटले, तर सिलिंडरचे हेड वाकते, त्याखालचे गॅस्केट जाते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. उलट दोष काट्यात असेल, तर चांगले इंजिन विनाकारण खोलले जाते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. काट्याला इंजिनाचे तापमान कळत नाही; त्याला कळते ती फक्त विद्युतधारा. इंजिनातून फिरणाऱ्या पाण्याच्या वाटेत, बहुधा थर्मोस्टॅटजवळ, पितळेचा एक लहान तुकडा आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. त्याला सेंडर म्हणतात. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. थर्मिस्टर हा अर्धवाहक, त्याचे वागणे नेमके उलटे. (असे उलटे वागणे मायकेल फॅरडे यांना १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये आढळले होते.) मोटारीत वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध २० अंश सें. ला सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना ३२० ओहम आणि १०० अंशांना १९० ओहमच्या आसपास असतो. गाडीगणिक आकडे बदलतात, पण उतार असाच.

आता जुन्या धाटणीचे मंडल पाहू. १९६० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत ते असे होते. बॅटरीतून निघालेली धारा काट्याच्या तबकडीत शिरते, तेथून एकाच तारेने सेंडरकडे येते आणि सेंडरच्या पितळी अंगातून इंजिनाच्या लोखंडात उतरते. परतीची तार नाहीच! इंजिन आणि गाडीचा सांगाडा हीच परतीची वाट. तबकडीत एका द्विधातुपट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. पाणी तापले, की सेंडरचा रोध घटतो, धारा वाढते, तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो.

येथे एक अडचण उभी राहते. इंजिन बंद असताना बॅटरीचे विभवांतर साधारण १२ व्होल्ट असते, तर इंजिन चालू होऊन बॅटरी भारित होऊ लागली की ते १४ व्होल्टपर्यंत चढते. उष्णता विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १४ भागिले १२ याचा वर्ग करा, १.३६ येतो. म्हणजे पाणी तितकेच गरम असूनही तारेत ३६ टक्के जास्त उष्णता निर्माण होणार व काटा वर जाणार. म्हणून मध्ये एक व्होल्टेज स्टॅबिलायझर घालतात. तोही द्विधातुपट्टीचाच. पट्टी तापली की संपर्क तुटतो, निवली की जुळतो, आणि या उघडझापीतून सरासरी १० व्होल्ट पुढे जातात. बहुधा पेट्रोलच्या काट्यालाही हाच स्टॅबिलायझर पुरवठा करतो. त्यामुळे निदानाची पहिली पायरी फुकटात मिळते: पेट्रोलचा काटा पाहा. दोन्ही काटे एकदमच वर गेले असतील किंवा एकदमच निपचित पडले असतील, तर इंजिनाला हात लावू नका. संशय स्टॅबिलायझरवर, त्याच्या जोडणीवर किंवा फ्यूजवर घ्या.

एकटा तापमानाचाच काटा चुकत असेल, तर साखळी तोडून पाहायची. इंजिन थंड व बंद ठेवून किल्ली चालू करा आणि सेंडरवरची तार उपसा. मंडल तुटले, धारा शून्य झाली; काटा थंडवर हवा. तो गरमवरच राहिला, तर तार वाटेत कुठे सांगाड्याला टेकते आहे, किंवा काटाच अडकला आहे. आता तीच तार २५ ते ५० ओहमच्या रोधकातून इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा सावकाश गरमकडे निघायला हवा. निघाला, तर तबकडी आणि तार निर्दोष, दोष सेंडरचा. नाही निघाला, तर सेंडर बदलून काही उपयोग नाही. रोधक न घालता तार थेट टेकवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते, पण त्यात तबकडीतली बारीक तार जळण्याची भीती असते. हे सारे जाणत्या माणसाला सोबत घेऊनच करा. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका; आतले पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वरही उकळत नाही, आणि झाकण उघडताच ते उसळून अंगावर येते.

काटा नेहमीच खाली राहतो, म्हणून तो बिघडला असेही नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडाच अडकला, तर पाणी खरोखरच गार राहते, आणि काटा खरे तेच सांगतो. याहून फसवी गोष्ट वेगळी आहे. पाणी इतके कमी झाले, की सेंडर हवेत उघडा पडला, तर हवा उष्णतेची दुर्वाहक असल्याने इंजिन होरपळत असताना काटा खाली येतो. चढावर वर गेलेला काटा अचानक खाली आला, तर हायसे वाटून घेऊ नका, गाडी थांबवा.

आजच्या गाड्यांत तार थेट काट्याकडे न जाता संगणकाकडे जाते. तेथे वरील प्रयोग करू नयेत. मेकॅनिकजवळचे तपासणी यंत्र संगणकाला कळलेले तापमान अंशांत दाखवते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाण्याचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. एक सकाळी १० व दुसरे ४० दाखवत असेल, तर एक संवेदक नक्की खोटे बोलतो आहे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. जुन्या धाटणीच्या एका गाडीत सेंडरच्या आट्यांतून पाणी झिरपत होते. मेकॅनिकने आट्यांना टेफ्लॉनची पांढरी पट्टी भरपूर गुंडाळून सेंडर परत बसवला. गळती थांबली, पण काटा पूर्वीपेक्षा खाली दाखवू लागला. नवा सेंडर आणून तशीच पट्टी गुंडाळून बसवला, तरी तेच. मंडलाची आकृती काढा आणि दोष कोठे आहे ते शोधा.