कळ थांबली म्हणजे खडा गेला नव्हे

चिरंजीव बापू,

परवाच्या रात्री तुझं काय झालं ते सूनबाईंनी सांगितलंच होतं. आज तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. पण बोलता बोलता तू म्हणालास, "काका, आता दुखायचं थांबलं. सहा मिलिमीटरचाच होता, पडला असेल. परत शहाद्याला कशाला जायचं?" त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितो आहे. मलाही मुतखड्याने लोळवलेलं आहे, आणि आरोग्य खात्याच्या नोकरीत धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर फिरताना हे दुखणं मी पुष्कळ घरांत पाहिलं. त्या सगळ्यातून एकच गोष्ट मनात पक्की बसली आहे. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असं धरून चालायचं नाही.

कळ का येते ते आधी समजून घे. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणारी नळी वीतभराहून थोडी लांब, पण रुंदीला जेमतेम तीन-चार मिलिमीटर. खडा तिच्यात अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं आणि नळी आकसून त्याला पुढे ढकलायला बघते. पाठीच्या कुशीतून जांघेपर्यंत उतरणारी ती कळ या ताणाची असते. आता ती थांबते दोन कारणांनी. एक, खडा घसरून मूत्राशयात उतरला. दुसरं, खडा तिथेच आहे, पण तुंबलेल्या मूत्रपिंडाने लघवी करणंच कमी केलं, म्हणून ताण उतरला. पहिल्यात सुटका आहे. दुसऱ्यात मूत्रपिंड आठवड्यागणिक निकामी होत जातं आणि माणूस भाकरी खात, शेतात जात, हसत-खेळत असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक फक्त सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये कळतो. खडा डोळ्यांनी पडलेला पाहिला नसेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करायचीच, दुखत असो वा नसो.

दुखण्यावरून खड्याचं माप निघत नाही, याचं जगभर गाजलेलं उदाहरण आपल्याच शहाद्याकडचं आहे. ८ डिसेंबर २००९ रोजी धुळ्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ यूरॉलॉजीमध्ये डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी शहाद्याच्या एका गृहस्थाच्या डाव्या मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. एवढे खडे एका रात्रीत तयार होत नाहीत. ते आत साठत होते आणि माणसाचा संसार चालू होता. उलट तिळाएवढा खडा नळीत अडकला तर धट्टाकट्टा गडी जमिनीवर लोळतो.

आता पुन्हा कळ आली तर काय करायचं ते सांगतो. अशा वेळी कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. मग येरझाऱ्या घाल, ओणवा हो, जसं बरं वाटेल तसं राहा. कुशीला आणि पाठीला गरम पाण्याची पिशवी लावली की आराम पडतो. माझी आजी तापवलेल्या विटेला फडकं गुंडाळून शेकायची, तेही चालतं, फक्त कातडी भाजणार नाही एवढं बघायचं. पोट चोळून घेऊ नकोस. आणि कळ जोरात असताना तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ नकोस. पाण्याच्या जोराने खडा बाहेर फेकला जाईल असं लोकांना वाटतं, पण वाट बंद असताना वरून भर घातली की ताण वाढतो आणि उलटी होते. घोट घोट पी. कळ ओसरली की मग भरपूर पी.

दुखणं थांबवणारं इंजेक्शन घेण्यात काही कमीपणा नाही. "माले काय व्हस!" म्हणत दात-ओठ खाणारे आपल्याकडे फार आहेत आणि मला त्यांचं कधीच कौतुक वाटलं नाही. डायक्लोफेनॅकसारखं औषध वेळेवर मिळालं तर या कळेवर ते चांगलं लागू पडतं. पण ते डॉक्टरांच्या हातून घे. ज्याला मधुमेह, रक्तदाब, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा आधीचा त्रास आहे, त्याला त्याच गोळ्या घातक ठरतात. मेडिकलमधून पाकीट आणून महिनाभर गोळ्या गिळत बसण्याची सवय मोडायला हवी. कळ झाकली जाते आणि खडा तिथेच राहतो.

काही खुणा मात्र अशा आहेत की सकाळची वाट बघायची नाही. खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले असं समज. यात माणूस काही तासांत हातचा जातो. लघवी पूर्ण बंद झाली, उलट्या थांबत नाहीत, एकच मूत्रपिंड आहे किंवा बाई गरोदर आहे, यातलं काहीही असेल तर लगेच १०८ ला फोन करायचा. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर तर हे अधिकच, कारण तिथून घाट उतरून मोठ्या दवाखान्यात पोचायला वेळ लागतो. तो वेळ अंगणात बसून घालवायचा नाही. आणि पहिल्यांदाच असं दुखत असेल तर आपणच ‘खडा आहे’ असं ठरवू नये. उजवीकडे खाली दुखणारं अपेंडिक्स असू शकतं. बाईच्या गर्भनलिकेत गर्भ राहिलेला असू शकतो. उतारवयात पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून तसंच दुखतं.

तुझा खडा सहा मिलिमीटरचा. पाच मिलिमीटर म्हणजे साधारण हुलग्याच्या दाण्याएवढा. त्याहून लहान बहुतेक खडे आपोआप पडतात. दहाच्या पुढचे क्वचितच. तू मधल्या गटात आहेस. पडेलही, नाहीही. तुला रात्री घ्यायची जी गोळी दिली आहे ती नळी सैल करणारी असेल, तर तिने उठताना चक्कर येते, तेव्हा अंथरुणातून एकदम उभा राहू नकोस. ताप नाही, मूत्रपिंड ठीक आहे, तर डॉक्टर चार-सहा आठवडे थांबू देतात. त्यापुढे ‘बघू’ म्हणायचं नाही.

या दिवसांत लघवी गाळून घे. चहाची एक जुनी गाळणी त्यासाठी वेगळी काढून ठेव. यात लाजण्यासारखं काही नाही. खडा मिळाला तर धुऊन डबीत ठेव आणि तपासायला दे. बहुतेकांचा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघतो. पण युरिक अॅसिडचा असेल तर तो औषधाने विरघळू शकतो, आणि साध्या एक्स-रेत तो दिसतही नाही. खडा कशाचा आहे हे कळलं की पुढची पथ्यं नेमकी ठरतात. नाहीतर माणूस उगाच सगळंच खाणं सोडतो.

आपल्या घरातलं हुलग्याचं कढण तुला आठवत असेल. मूठभर हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे आणि वरचं पाणी प्यायचं. आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आलेलं हे आहे. ते जरूर पी, मीठ न घालता. पोटात पाणी जातं आणि अंगाला मानवतं. पण त्याने सहा मिलिमीटरचा खडा फुटेल या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नकोस. गोखरू, पानफुटी, बाटलीतली सरबतं यांचंही तेच. बिअरने खडा पडतो असं तुझे मित्र सांगतील. दारूने लघवी सुटते, पण अंगातलं पाणी कमी होतं आणि युरिक अॅसिड वाढतं. मोहाची असो की बाटलीतली, या दुखण्यात तिचं काही काम नाही.

आणि पोटाला तोंड लावून खडा ओढून काढून दाखवणाऱ्याच्या दारात कोणालाही जाऊ देऊ नकोस. मूत्रपिंडातून कातडीकडे यायला वाटच नाही. त्याच्या तोंडातून निघणारा खडा त्याने आधीच तोंडात ठेवलेला असतो. लोक पैसे देतात, समाधानाने घरी येतात आणि आत मूत्रपिंड सडत राहतं. या माणसांचा मला मनापासून राग येतो.

वेळ आली तर शस्त्रक्रियेला घाबरू नकोस. सुश्रुतसंहितेत खडा कापून काढण्याची कृती दिलेली आहे, पण तो शेवटचा आणि जिवावरचा उपाय मानलेला आहे. ती भीती अजून आपल्या घरांत टिकून आहे. आता तसं राहिलेलं नाही. १९८० मध्ये जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा बाहेरून लहरी सोडून माणसाचा खडा फोडला गेला. आज नळीतला खडा लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून लेसरने फोडतात आणि मोठा असेल तर पाठीत लहान छिद्र पाडून काढतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी कर, मगच धुळे की सुरत ते ठरव.

यापुढचं नीट ऐक, कारण यात आपले लोक सगळ्यात जास्त फसतात. शस्त्रक्रियेनंतर आत एक मऊ नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती असताना वारंवार लघवीला लागतं, जळजळ होते, मेहनत केली की लघवी लालसर दिसते, लघवी करताना कुशीत दुखतं. हे त्रासाचं आहे पण बहुधा घाबरण्याचं नाही. घाबरायचं ते ती नळी विसरण्याला. ती काही आठवड्यांत काढायची असते. आत महिनोन्‌महिने राहिली तर तिच्यावरच खडे चढतात आणि मग नळी काढायलाच मोठी शस्त्रक्रिया लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. नळी घेऊन फडावर गेलेला माणूस दुखणं थांबलं म्हणून ती विसरून जातो. नळी काढायची तारीख घरच्या कॅलेंडरवर, फोनमध्ये आणि मुकादमाच्या वहीत अशी तीन ठिकाणी लिहायची. गावातल्या ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्या प्रत्येकाला विचार, "नळी काढली का?"

खडा एकदा झाला की पुन्हा होण्याची शक्यता मोठी. सुमारे निम्म्या लोकांना दहा वर्षांच्या आत परत होतो. लोक बोअरच्या क्षाराच्या पाण्याला दोष देतात. मी म्हणेन, पाणी खारं असण्यापेक्षा ते पोटात कमी जाणं हे मोठं कारण. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, घामाने अंग निथळतं आणि लघवी दाट होते. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी एरवी तीन लिटर आणि उन्हाळ्यात चार लिटर किंवा जास्तही पाणी लागतं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं. झोपताना एक पेला, रात्री उठलास तर आणखी एक. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्यावं.

रोज दोन लिंबं पिळून पी, मीठ न घालता. लिंबातलं सायट्रेट खडा बनू देत नाही. मीठ कमी कर म्हणजे पापड, लोणचं, शेव आणि ठेच्यावरचा हात आवर. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. मटण रोज नको. पालक, चुका, बीट यांत ऑक्झलेट खूप, ते बेताने. दूध-दही सोडू नकोस. ‘कॅल्शियमचा खडा, म्हणून दूध बंद’ असं पुष्कळ जण करतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचं भरीत खुशाल खा. टोमॅटोच्या बियांचा उगाच बाऊ करू नकोस.

शेवटचं तुझ्या मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायकांविषयी. मिरची सुकवताना त्या दिवसभर उन्हात असतात आणि पाणी पीत नाहीत. का, तर आडोसा नाही, लघवीला जायचं कुठे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या लघवी धरून ठेवतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि खडेही. त्या बोलणार नाहीत, तूच विचार. या हंगामाची पहिली मिरची पथारीवर पसरण्याआधी तिथे दार लागणारा एक संडास बांध, सावलीत दोन माठ भरून ठेव आणि पाण्यासाठी काम थांबवायला त्यांना मोकळीक दे. शेजारच्या पथारीवाल्यांनाही हे सांग.

तुझा,
काका