शाळेचे छप्पर : भाराची वाट आणि पाण्याची वाट

(इयत्ता ५ वी ते ७ वी. परिसर अभ्यास व गणित यांची सांगड घालून घ्यावयाचा पाठ, आणि मुख्याध्यापकांसाठी देखभालीच्या सूचना)

शाळेतील फळा रोज पुसला जातो, अंगण रोज झाडले जाते, पाण्याचा माठ रोज विसळला जातो. डोक्यावरच्या छपराकडे मात्र ते गळू लागेपर्यंत सहसा कोणाची नजर जात नाही. या दुर्लक्षाची किंमत कधी कधी फार मोठी द्यावी लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे प्राथमिक शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्यू पावले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी या गावी शाळेचे छत कोसळले आणि सात मुले दगावली. दोन्ही घटना पावसाळ्यातील आहेत व दोन्ही शाळेच्या वेळेतील आहेत.

छप्पर पडते एका क्षणात. परंतु त्याची पडण्याची तयारी बहुधा कित्येक वर्षे चाललेली असते. ती तयारी ओळखणे कठीण नाही. त्यासाठी दोन प्रश्न विचारावयाचे असतात : छपरावरचा भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोहोचतो? आणि छपरावरचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडते? या दोन वाटा मोकळ्या असतील तर छप्पर टिकते. त्यांपैकी एक जरी अडली तरी छप्पर झिजू लागते.

१. भाराची वाट

एका खेड्यात ग्रामस्थांनी वर्गणी काढून शाळेस १००० लिटरची पाण्याची टाकी दिली. टाकी चढविण्याच्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवतो. दोन्हीकडे नळ सारखेच निघतील."

गुरुजींनी विचारले, "मिस्त्री, मधोमध म्हणजे खाली काय येते?"

"खाली काय येणार? पहिलीचा वर्ग."

"मग तिथे नको. तुळई भिंतीवर जिथे टेकते, ती जागा दाखवा."

"नळ दहा-बारा फूट जास्त लागेल, गुरुजी."

"लागू द्या. तेवढी वर्गणी आणखी काढू."

दहा-बारा फूट नळासाठी गुरुजींनी आग्रह का धरला, हे मुलांस प्रयोगाने दाखवावे. टेबलावर पुस्तकांच्या दोन सारख्या चळती एक हात अंतरावर ठेवाव्यात व त्यांवर एक पातळ लाकडी पट्टी आडवी टाकावी. पट्टीच्या मध्यभागी पाण्याने भरलेला पेला ठेवला की पट्टी वाकते. तोच पेला सरकवून एका चळतीच्या वर आणला की पट्टी पुन्हा सरळ होते. पेल्याचे वजन बदललेले नाही; बदलली ती त्याची जागा. पट्टी म्हणजे स्लॅब व चळत म्हणजे भिंत, हे मुले आपण होऊन सांगतात.

आता हिशेब घालावा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणून भरलेल्या टाकीत १००० किलो पाणी असते. अशा टाकीचा तळ सुमारे एक चौरस मीटर असतो. भारतीय मानकाप्रमाणे माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो इतका वापराचा भार धरतात. ये-जा नसलेल्या छतासाठी त्याच्या निम्माच धरतात. याचा अर्थ टाकीखालच्या जागेवर धरलेल्या भाराच्या सहापटीहून अधिक भार येतो. म्हणूनच टाकीची जागा तुळई, खांब अथवा भार घेणारी भिंत यांवरच असावयास पाहिजे, आणि ती अभियंत्यास दाखवून ठरवावी.

टाकी चार विटांवर टेकविण्याची पद्धत तर त्याहून वाईट होय. एका विटेचा माथा २३ सें.मी. × ११ सें.मी., म्हणजे २५३ चौ. सें.मी. भरतो, चार विटांचा १०१२ चौ. सें.मी. एक हजार किलो त्यांवर वाटले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलो दाब येतो. शिवाय प्लास्टिकच्या टाकीचा तळ सर्व बाजूंनी सपाट टेकलेला नसेल तर तळास तडा जातो. याकरिता दोन भिंतींवर अथवा दोन तुळयांवर टेकणारा पक्का कट्टा बांधावा. कट्ट्याखाली वीतभर मोकळी जागा सोडावी, म्हणजे पावसाचे पाणी अडत नाही व खालची गळती दिसते.

२. पाण्याची वाट

पाऊस हादेखील भारच आहे, फक्त तो वाहून जाणारा भार आहे. वाहणे थांबले की त्याचे ओझे होते. सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा वर्गखोलीचे छत ३० चौ. मीटर असते. छताचे तोंड पालापाचोळ्याने बुजले आणि कठड्याच्या आत १० सें.मी. पाणी साचले, तर त्याचे आकारमान ३ घनमीटर व वजन ३००० किलो होते. मूठभर पानांमुळे तीन टन ओझे मुलांच्या डोक्यावर येऊन बसते. हे गणित मुलांकडूनच फळ्यावर सोडवून घ्यावे.

साचलेले पाणी दुसरे काम गुपचूप करीत असते. ते बारीक भेगांतून स्लॅबमधील लोखंडी गजांपर्यंत पोहोचते. लोखंड गंजले की ते फुगते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. ही जागा मिळविण्यासाठी तो भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. प्रथम छतास तांबूस डाग दिसतात, पुढे गजाच्या रेषेने सरळ भेग पडते, मग ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि शेवटी खपली सुटून गज उघडे पडतात. समुद्रकिनाऱ्यावरील शाळांत खाऱ्या हवेमुळे ही क्रिया अधिक वेगाने होते. गिलाव्याचा नवा हात देऊन डाग झाकणे म्हणजे रोग्याचा ताप न पाहता त्यास नवा सदरा घालणे होय. पाण्याचा मूळ शिरकाव बंद करणे, खराब काँक्रीट काढणे व गंजलेला गज घासून स्वच्छ करणे, या क्रमानेच दुरुस्ती व्हावयास हवी, आणि ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी.

कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे अथवा वडाचे रोप उगवलेले पुष्कळ शाळांत आढळते. ते लहान असतानाच मुळासकट काढून सांधा बुजवावा. मूळ जाड झाल्यावर ते ओढून काढल्यास त्याबरोबर भिंतीचा भागही सुटतो. अशा वेळी गवंड्याकडून तेवढा भाग उकलून घ्यावा.

३. दुरुस्तीचे ओझे

दुरुस्तीनेदेखील छप्पर दुबळे होऊ शकते, हे अनेकांस ठाऊक नसते. मराठवाड्यात माळवदाची घरे पूर्वापार आहेत. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची चाल पडली. एकेक थर हलका वाटला तरी पिढ्यानुपिढ्या थर साठत गेले व माळवदे जड झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि ही जड माळवदे ढासळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली.

स्लॅबच्या छतावर हाच प्रकार वेगळ्या वेषात घडतो. एकदा विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, तो गळू लागला, म्हणून त्यावर दुसरा केला. १० सें.मी. जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. वर सांगितलेल्या १५० किलोंशी त्याची तुलना करावी. म्हणून नियम असा की, जुना थर काढल्यावाचून नवा जड थर घालू नये. आणि कोणताही थर घालण्यापूर्वी स्लॅब तो भार पेलील काय, हे बांधकाम विभागाच्या अभियंत्यास लेखी विचारावे.

४. सौर पाट्या आणि वारा

अलीकडे पुष्कळ शाळांच्या छपरांवर सौर पाट्या बसल्या आहेत. त्यांच्या बाबतीत वजनापेक्षा वाऱ्याची काळजी अधिक घ्यावी लागते. सुमारे दोन चौरस मीटरची पाटी २० ते २५ किलो भरते. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे : वेगाचा (मीटर प्रतिसेकंद) वर्ग करून त्यास ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. ३९ × ३९ × ०.६ = सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९३ किलो. हिशेब ढोबळ असला तरी त्यावरून एवढे कळते की, २५ किलोंच्या पाटीला वादळ १८० किलोंच्या जोराने उचलू पाहते. तिरकी पाटी ही वाऱ्यापुढे धरलेल्या सुपासारखी असते.

म्हणून पाट्यांची चौकट नुसती टेकवून ठेवू नये. स्लॅबवर ती हिशेबाने ठरविलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांस घट्ट बांधलेली असावी व ते ठोकळे पाण्याच्या उताराआड येऊ नयेत. स्लॅबला छिद्र पाडावयाचे झाल्यास ते पाणी शिरणार नाही असे बुजवून घ्यावे. पत्र्याच्या छपरावर चौकटीचा भार पत्र्यावर न येता खालच्या लोखंडी वाशांवर यावा. चौकटीस भूसंपर्काची तार जोडलेली असावी. वर्षातून दोनदा सर्व नट-बोल्ट आवळून घ्यावेत. मुख्य खटका बंद केला तरी ऊन असेपर्यंत पाट्यांत वीज निर्माण होतच राहते; यास्तव मुलांनी त्यांस कधीही हात लावू नये.

५. छपरावर जाणारा माणूस

छपराची काळजी घेताना माणूस गमावता कामा नये. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण जुना झाला की पावलाखाली एकाएकी फुटतो. त्यावर थेट पाय न देता वाशांवर टेकणारी रुंद फळी टाकून तिच्यावरून जावे. कौलारू छप्पर शाकारतानाही भार वाशावर राहील असेच पाऊल ठेवावे. शिडी चार हात उंचीला एक हात पाया सोडून लावावी, ती छताच्या कडेवर एक मीटर तरी वर यावी व खाली एकाने धरावी. ओल्या छपरावर, वाऱ्यात व विजा चमकत असता चढू नये. एकट्याने चढू नये. विद्यार्थ्यास, मग कारण पतंगाचे असो, चेंडूचे असो वा पाने काढण्याचे असो, छपरावर पाठवू नये. जिन्याच्या दारास कुलूप असावे व किल्ली मुख्याध्यापकांजवळ असावी.

६. वर्षाचा क्रम

मे महिन्यात : छत झाडणे, पाणी उतरण्याची तोंडे मोकळी करणे, एक घागर पाणी ओतून ते कोणीकडे जाते हे पाहणे, फुटकी कौले बदलणे, पत्र्याचे सैल हूक आवळणे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर : प्रत्येक वर्गात छताकडे पाहून ओल कोठे आली त्याची खूण करणे. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ व तारीख घालणे. महिन्याने भेग रेघेपुढे गेली असल्यास ती वाढत आहे असे समजावे.

पावसाळ्यात : प्रत्येक जोरदार पावसानंतर तोंडे पुन्हा मोकळी करणे.

दिवाळीनंतर : नोंदी एकत्र करून दुरुस्तीचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे व बांधकाम विभागाकडे पाठविणे.

७. न थांबण्याची वेळ

पुढील चिन्हांपैकी एकही दिसल्यास त्या खोलीत मुलांस बसवू नये : छताचा मध्यभाग खाली झुकलेला दिसणे, गज उघडे पडणे, काँक्रीटचे तुकडे अथवा खडे सुटून पडणे, भेग वाढत जाणे, पूर्वी सहज लागणारे दार एकाएकी अडकू लागणे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याने मुलास सर्व ऋतूंत टिकणाऱ्या इमारतीत शिकण्याचा अधिकार दिला आहे. असे चिन्ह दिसताच मुलांस प्रथम बाहेर काढावे, खोलीस कुलूप लावावे, आणि त्यानंतर वरिष्ठांस लेखी कळवावे. पत्राचे उत्तर येईपर्यंत वर्ग समाजमंदिरात किंवा झाडाखाली भरला तरी चालेल. एखादे मूल जर म्हणाले, "गुरुजी, वरून माती पडतेय", तर त्यास "खाली बघून लिही" असे न सांगता गुरुजींनी स्वतः वर पाहावे. छपराची पहिली तपासणी अनेकदा मुलांच्याच डोळ्यांनी होत असते.

पाठानंतरचे प्रश्न

१. आपल्या वर्गाची लांबी-रुंदी मोजा. छतावर ५ सें.मी. पाणी साचल्यास त्याचे वजन किती होईल?
२. शाळेच्या टाकीखाली भिंत आहे, तुळई आहे की मोकळा स्लॅब आहे, ते खालून पाहून वहीत आकृती काढा.
३. आपल्या घराच्या छपरावरील पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते? ती वाट कोठे अडते?
४. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस विचारा : पूर्वी पावसाळ्याआधी छपराची कोणती कामे करीत असत? त्यांतील कोणती आज होत नाहीत?