श्वसन १८

टीपीआर शीटवर श्वसनाच्या रकान्यात मी १८ लिहिलं होतं. मोजलं नव्हतं. त्या दिवशी वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटपुढे मी १८ नाहीतर २० लिहिलं. आमच्या नर्सिंगच्या बॅचमध्ये सगळ्या तेच करायच्या.

भातकापणीचे दिवस होते. पेण तालुक्यातल्या एका वाडीवरून पस्तिशीचा माणूस आला. पेंढा उचलताना बोटाला विंचू चावला होता. "दादा, खूप दुखतंय का?" "नाय, तेवढा नाय." मला हायसं वाटलं. हात हातात घेतला तर गार आणि ओला. शेतातून आलाय, घाम असणारच, असं मी धरून चालले. नाडी ११६ भरली, तीही भीतीमुळे असेल म्हणून सोडून दिली. शेवटी श्वसन १८.

तासाभरानं सिनियर सिस्टर आल्या. आडवा असलेला माणूस आता दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठून बसला होता. सिस्टरांनी त्याचं मनगट धरलं, नजर छातीवर ठेवली आणि पूर्ण एक मिनिट त्या काही बोलल्या नाहीत. ३८. पाठोपाठ खोकला आला, तोंडाला गुलाबी फेस. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लागला, औषधं गेली. तो वाचला. पण तो तासभर हाताशी असताना मी वाया घालवला होता.

विंचवाच्या या विषाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झालाय, हे मला नंतर कळलं. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर अशा पेशंटांच्या उशाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, बीपी टिपत राहिले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तो गार, ओला हात मीही धरला होता.

आता रोह्याकडच्या पोस्टिंगला नर्सिंग शिकणाऱ्या मुली माझ्याबरोबर असतात. त्यांना मी पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नाही. आधी पेशंटकडे बघा. बसलाय कसा, वाक्य एका दमात पुरं करतो का, मानेचे स्नायू ओढले जातात का. मग हाताची मागची बाजू त्याच्या पावलाला लावा. नख दाबून सोडा. रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघतोय असंच वाटू द्या, मनगट छातीवर ठेवा आणि साठ सेकंद घड्याळ सोडू नका. मोठ्या माणसाला १२ ते २० ठीक. वर्षाच्या आतलं, दोन महिने पूर्ण झालेलं बाळ मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास घेत असेल तर थांबायचं नाही, लगेच कळवायचं.

"काही त्रास?" असं विचारू नका. आपल्याकडची माणसं 'नाही' म्हणतात, सिस्टरांना कशाला तसदी द्यायची म्हणून. "रात्री आडवं झोपता आलं का?" असं विचारा. आणि सोबत आलेल्या बाईला विचारा, कालच्यापेक्षा आज काय वेगळं दिसतंय. ती चुकत नाही.

शीट हातात आली की मी आधी श्वसनाचा रकाना बघते. सगळीकडे १६, २०, २४ असे चारनं भाग जाणारे आकडे दिसले की समजतं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलंय. त्या मुलीला मी परत पाठवते.

परवा एकीच्या शीटवर १७, १४, २१, १९ होतं आणि कोपऱ्यातल्या खाटेपुढे २७. "मॅडम, दोनदा मोजलं," ती म्हणाली. "आजी म्हणतात काही होत नाही, पण पाय गार आहेत." मी हातातलं काम ठेवलं आणि तिच्यामागून त्या खाटेकडे गेले.