सव्वीस इंचांचा घोळ

सायकलच्या टायरावर ठळकपणे उठवलेला इंचांचा आकडा हाच त्या टायराचा खरा दाखला होय, ही समजूत गिऱ्हाइकांइतकीच दुकानदारांच्याही मनात इतकी दृढ झालेली आहे, की तिच्याविषयी शंका काढणारा मनुष्य उगाच चिकित्सक ठरतो. माझ्या कचेरीच्या सायकलीचे मागील टायर झिजले तेव्हा त्यावर ‘२६ × १ १/२’ असा स्पष्ट मजकूर असूनही, पुण्यातील एका दुकानदाराने ‘सव्वीस म्हणजे सव्वीस’ असा निकाल देऊन ‘२६ × १ ३/८’ मापाचे टायर चढविले. पान्याची गरज न लागता ते विनासायास बसले, याचे तेथे कौतुकच झाले. वास्तविक संशय यावयाचा तो नेमका तेथेच. पुरती हवा भरून मी रस्त्याला लागतो न लागतो तोच टायराची कड रिमवरून निसटली आणि मोठा बार होऊन ट्यूब फाटली. मागचे चाक म्हणून निभावले. पुढचे असते तर हा मजकूर बहुधा इस्पितळातून लिहावा लागता.

पहिल्या टायराच्या कडेचा व्यास ५८४ मिलिमीटर, दुसऱ्याच्या ५९०; हे सहा मिलिमीटर डोळ्यांना जाणवत नाहीत, हवेच्या दाबाला मात्र पुरेसे होतात. या गोंधळाचे मूळ असे, की इंचांचा आकडा पूर्वी फुगलेल्या टायराचा बाहेरील व्यास सांगत असे, आणि तो व्यास कायम राखावयाचा म्हणून जाड टायराला लहान रिम व बारीक टायराला मोठी रिम देण्यात येई. पुढे जाडी मनास येईल तशी बदलली, नावे मात्र दप्तरात जुनीच राहिली. म्हणूनच गणिताने समान असणारी १.७५ आणि १ ३/४ ही मापे सव्वीस इंचांत एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण एकाची रिम ५५९ ची तर दुसऱ्याची ५७१ ची. आज साडेसत्तावीस इंची म्हणून मिळणारे टायर त्याच जुन्या ५८४ च्या रिमचे असते. ‘७००सी’ आणि एकोणतीस इंची ही दोन्ही ६२२ ची असतात. आणि आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलीची रिम ६३५ ची.

यावर उतारा टायराच्या बाजूवर बारीक अक्षरांत असतो: ‘४०-५८४’ अशी जोडी. आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यातील दुसरा आकडा रिमशी तंतोतंत जुळलाच पाहिजे; पहिला जाडीचा, त्यात थोडी मुभा आहे. रिमची आतील रुंदी, मडगार्ड आणि ब्रेक यांना बाधा येत नसेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्याने ३५ ते ४० मिलिमीटर जाडी खुशाल घ्यावी. डोंगरी सायकलीच्या जाड गाठींची नक्षी डांबरी रस्त्यावर केवळ श्रम वाढविते. टायरावर छापलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, हुकूम नव्हे. जाड टायराला तुलनेने कमीच हवा लागते.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी जुन्या टायराची बाजू ओल्या फडक्याने पुसून ती जोडी चिठ्ठीवर उतरवून घ्या, आणि दुकानदाराने तिचा दुसरा आकडा नव्या टायरावर बोट ठेवून दाखविल्यावाचून पैसे मोजू नका.