लहान बाग, घरची वाइन : बरगंडीचा धडा



वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले की बाग परवडत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. फ्रान्समधील बरगंडी भागातही हेच घडले. १८०४ च्या कायद्याने वारसांना समान वाटा मिळू लागला आणि बागा विभागत गेल्या. तेथील क्लो द वूजो ही दगडी भिंतीने वेढलेली सुमारे ५० हेक्टरची बाग आज जवळजवळ ८० मालकांत वाटलेली आहे. तरीही तेथील लहान घराण्यांची वाइन चढ्या भावाने विकली जाते. याची कारणे पाहू.

कमी पण कसदार उत्पादन

या बागेच्या नावाने वाइन विकण्यासाठी हेक्टरी सर्वसाधारण मर्यादा ३,५०० लिटरची आहे. म्हणजे एकरी जेमतेम दोन टन द्राक्षे! खाण्याच्या द्राक्षात आपण विरळणी करून व जिबरेलिक ॲसिड वापरून मणी फुगवतो. वाइनला मात्र लहान मणी हवा. लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतून येतो. मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते.

छाटणी ते बाटली

हिवाळी छाटणीपासून बाटली भरेपर्यंत घरच्यांचे लक्ष असते. पिनो नुआर जातीचे घड हाताने तोडून सडके मणी काढतात. द्राक्षे सालीसकट दोन-तीन आठवडे आंबवतात. वर तरंगणारी साल रोज खाली दाबतात. नंतर वाइन २२८ लिटरच्या ओक पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरते. प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी ठेवतात, म्हणजे त्या मातीचा गुण चवीत उतरतो.

स्वतःचे नाव

पूर्वी बहुतेक शेतकरी पिंपे व्यापाऱ्यांना विकत. व्यापारी अनेकांची वाइन मिसळून आपल्या नावाने खपवीत. १९३० नंतरच्या मंदीत काही घराण्यांनी स्वतः बाटल्या भरून आपल्या नावाने विक्री सुरू केली. नाव घरचे असल्याने दर्जा राखणे भागच पडले.

आपण काय करावे?

महाराष्ट्रात २००१ च्या धोरणाने वायनरींना चालना मिळाली. परंतु २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली आणि अनेकांना वाइनच्या बागा काढाव्या लागल्या. म्हणून लागवडीपूर्वी वायनरीशी जात, साखरेचे प्रमाण व दर यांचा लेखी करार करावा. परवान्याशिवाय वाइन करू नये. आणि बेदाणा करीत असाल, तरी प्लॉटवार माल वेगळा ठेवून स्वतःच्या नावाने विकून पाहावा. जमीन लहान असली, तरी तिची ओळख मोठी करता येते.